सोसायटीचं बेसमेंट आसरा म्हणून तयार ठेवायचं तर

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली. केंद्राच्या नागरी संरक्षण यादीत उरण पहिल्या, म्हणजे सर्वांत संवेदनशील वर्गात आहे आणि ठाणे दुसऱ्या. तेव्हापासून इकडच्या, नवी मुंबईच्या सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये अधूनमधून एक प्रश्न निघतो: भोंगा वाजला तर जायचं कुठं? कुणीतरी लगेच म्हणतं, बेसमेंट आहे की. पण बेसमेंट असणं वेगळं आणि त्यात पाऊणशे माणसं चार तास धड बसू शकणं वेगळं. खालची माहिती त्या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे.

आधी संकट कोणतं ते ठरवा

हवाई हल्ला किंवा जवळपास स्फोट होण्याची भीती असेल तर खाली जायचं. वायुगळती असेल तर खाली अजिबात जायचं नाही. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड असतो. तो जिन्यावरून, रॅम्पवरून उतरून तळघरात साचतो. टीटीसी (ठाणे-बेलापूर औद्योगिक) पट्ट्यातल्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया वापरतात. अमोनिया हवेपेक्षा हलका खरा, पण गळताना तो थंड धुक्यासारखा सुरुवातीला जमिनीलगतच सरकतो. त्यामुळे ‘हलका आहे, वर जाईल’ या भरवशावरही खाली बसू नये. गळतीच्या वेळी वरच्या मजल्यावरची आतली खोली घ्या. खिडक्या बंद, एसी आणि एक्झॉस्ट बंद, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल, आणि सूचना येईपर्यंत तिथंच थांबा.

तिसरं संकट आपलं नेहमीचं, जुलैचा पाऊस आणि त्याच वेळी मोठी भरती. वाशी, बेलापूर, नेरूळचे बरेच भाग खाडी भरून केलेल्या सखल जमिनीवर आहेत. पावसाचं पाणी धारण तलावांत थोपवून ओहोटीला खाडीत सोडायचं, अशी तिथली रचना आहे. मोठ्या भरतीत पाऊस कोसळला की पाण्याला जायला वाट नसते आणि बेसमेंट सगळ्यात आधी भरतं. पूर आला की बेसमेंटला कुलूप.

म्हणून आसऱ्याच्या दारावर नुसती ‘शेल्टर’ अशी पाटी लावू नका. ‘हवाई हल्ल्यासाठी. वायुगळतीत आणि पुरात आत येऊ नये’ असं मोठ्या मराठी अक्षरांत लिहा. सगळ्या तयारीत स्वस्त काम हेच आहे आणि बहुतेक ठिकाणी हेच राहून जातं.

जागा निवडताना

स्टिल्ट पार्किंग आसरा होत नाही. चारही बाजू उघड्या असतात आणि स्फोटाचे तुकडे आडवे येतात. उंच इमारतीतला रेफ्यूज एरियाही नाही. तो आगीच्या वेळी शिडी लागावी म्हणून मुद्दाम एका बाजूनं उघडा ठेवलेला असतो. बेसमेंट नसेल तर वरचे दोन आणि तळमजला सोडून मधल्या मजल्यांवरची लिफ्टजवळची लॉबी बघा, जिथं बाहेर आणि तुमच्यामध्ये निदान दोन भिंती येतात आणि काच कुठंच नाही. काच हा विषय हलक्यात घेऊ नका. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ ला स्फोट झाले तेव्हा कारखान्यापासून दूरच्या घरांच्याही काचा फुटल्या. काचेवर चिकटपट्टी लावल्यानं काच मजबूत होत नाही, फुटल्यावर तुकडे थोडे कमी उडतात इतकंच. काचेपासून लांब बसणं जास्त कामाचं.

बेसमेंट असेल तर त्याचाही सगळा भाग घेऊ नका. रॅम्पपासून लांबचा, वरून सांडपाण्याचे पाइप न जाणारा, पाण्याच्या टाकीच्या भिंतीला न चिकटलेला कोपरा निवडा. टाकीची सामाईक भिंत तडकली तर हजारो लिटर पाणी आत येतं. मीटर रूम आणि डीजी सेट (डिझेल जनरेटर) यांच्या शेजारची जागा नको. ई-स्कूटर चार्जिंगचे पॉइंट आसऱ्यापासून हलवून वर उघड्यावर न्या. लिथियम बॅटरीची आग बंद जागेत आटोक्यात येत नाही.

बसून थांबायचं असेल तर माणशी १ चौरस मीटर धरा. १२ बाय ८ मीटरची जागा म्हणजे ९६ चौरस मीटर. त्यातून येण्याजाण्याची वाट, पाणी, संडासाचा आडोसा, स्ट्रेचरची जागा वजा केली की ७५ माणसं मावतात, ९६ नाही. हा आकडाही दारावर लिहायचा. सोसायटीत ३०० माणसं असतील तर बाकीच्यांनी कुठं जायचं हे विंगनुसार आधी ठरलेलं हवं.

बेसमेंटच्या वापरात बदल करायचा, भिंत घालायची किंवा भोक पाडायचं असेल तर महापालिकेच्या अग्निशमन विभागाला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका. तात्पुरती तयारी आणि बांधकाम यांत फरक आहे.

हवा: सगळ्यात आधी हीच कमी पडते

वरच्याच जागेची उंची २.८ मीटर धरली तर आत सुमारे २७० घनमीटर हवा आहे. स्वस्थ बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ७५ माणसांचे तासाला १,३५० लिटर, म्हणजे दर तासाला अर्धा टक्का. चार तासांत २ टक्के होतो आणि डोकी दुखायला लागतात. सहा तासांत ३ टक्के, तेव्हा दम लागतो, माणसं घाबरी होतात. ऑक्सिजन संपण्याच्या खूप आधी ही वेळ येते. दारं घट्ट बंद करून बसण्यात शहाणपण नाही ते यामुळं.

त्याहून लवकर त्रास देतो तो उकाडा. बसलेलं माणूस १०० वॉटच्या आसपास उष्णता सोडतं. ७५ जणांचे साडेसात किलोवॉट, म्हणजे बंद खोलीत घरातले चार गिझर चालू ठेवल्यासारखं. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि म्हातारी माणसं आधी ढेपाळतात. स्वित्झर्लंडच्या आसऱ्यांत न गाळलेल्या हवेसाठी माणशी तासाला ६ घनमीटरचा हिशेब आहे. तो थंड देशाचा आहे. आपल्याकडे किमान १५ धरा, म्हणजे ७५ जणांना तासाला ११०० घनमीटरच्या वर. पंख्याच्या डब्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. डक्ट, जाळी आणि दोन वळणं लागली की तो बराच खाली येतो. म्हणून एका मोठ्या पंख्यापेक्षा दोन मध्यम पंखे, वेगवेगळ्या सर्किटवर, बरे.

पंखा हवा आत ढकलणारा लावा, बाहेर खेचणारा नको. खेचणारा पंखा आत कमी दाब तयार करतो आणि मग हवा जिथून मिळेल तिथून येते: रॅम्पवरची धूळ, गटाराच्या ट्रॅपमधला, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या पाण्याच्या वाटीतला, वास, शेजारच्या डीजीचा धूर. आत ढकलणाऱ्या पंख्यानं हवा फटींतून बाहेर जाते. त्याचं तोंड जमिनीपासून दीडदोन मीटर वर, डीजीच्या धुराड्यापासून आणि कचऱ्याच्या खोलीपासून लांब हवं. डीजीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो झोपेतच माणूस घेतो.

तपासणी उदबत्तीनं करा. पंखा चालू करा, बाहेर जायच्या दाराच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर बाहेर जायला हवा. आत वळत असेल तर कुठंतरी दुसरा एक्झॉस्ट चालू आहे किंवा पंखा उलटा फिरतोय. थ्री-फेज मोटरची वायर बदलताना दोन फेज अदलाबदल झाले की हे होतं, आणि पंखा फिरताना दिसतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. यानंतर प्रत्येक फ्लोअर ट्रॅपशी उदबत्ती धरा. तिथून हवा वर येत असेल तर ट्रॅपमधलं पाणी आटलंय. बादलीभर पाणी ओतून वर वाटीभर खाद्यतेल सोडा, मग पाणी लवकर आटत नाही.

वीज गेली तर? लोहार वापरतात तसा हातानं फिरवायचा ब्लोअर एक तरी ठेवा. त्यानं सगळ्यांना पुरेल इतकी हवा येणार नाही, पण दार उघडता येईपर्यंतचा वेळ निघतो. इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी मात्र बसायच्या जागेत ठेवू नका; चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते.

नको असलेलं पाणी

बेसमेंटच्या सर्वांत खोल कोपऱ्यात संप, म्हणजे पाणी गोळा होणारा खड्डा असतो, त्यात १ एचपीचा मड पंप आणि फ्लोट (पाण्याबरोबर वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच). हे सगळं नऊ महिने पडून असतं आणि नेमकं जुलैत बंद पडतं. कारणं ठरलेली. गाळ बसून इंपेलर (पंपाचं आतलं चाक) जाम झालेला असतो. कपॅसिटर गेलेला असतो, मग मोटर नुसती हुं करते. किंवा फ्लोटची वायर पंप उचलायच्या नायलॉन दोरीत गुंतलेली असते. वरच अडकली तर पंप कोरडा फिरून जळतो, खाली अडकली तर पाणी वर आलं तरी सुरू होत नाही. झाकण उघडून टॉर्च मारला की हे दोन मिनिटांत दिसतं. फ्लोट मोकळा झुलायला हवा, दोरी भिंतीच्या हुकाला वेगळी बांधायला हवी.

पंधरा दिवसांतून एकदा नळी लावून संप भरा, फ्लोट स्वतःहून पंप सुरू करतो का बघा, दहा मिनिटं चालवा. हातानं स्विच दाबून चालवलेला पंप तपासला असं धरू नका. बाहेर टाकणाऱ्या पाइपवर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह) हवा, नाहीतर भरतीच्या वेळी गटाराचं पाणी त्याच पाइपनं परत येतं. एनआरव्हीत प्लास्टिकची पिशवी किंवा गुटख्याचं पाकीट अडकलं की तो अर्धवट उघडा राहतो. वर्षातून दोनदा खोलून धुवा.

विजेशिवाय हे बेसमेंट किती तास टिकेल हे कळायला एक चाचणी जरूर करा. जुलैमधल्या मोठ्या भरतीच्या दिवशी, पाऊस चालू असताना, पंप बंद करून संपातलं पाणी तासाभरात किती चढतं ते पट्टीनं मोजा. १ मीटर बाय १ मीटरच्या संपात १० सेंटिमीटर चढलं तर तासाला १०० लिटर झाले. वीस लिटरच्या पाच बादल्या, हातानं उपसता येतात. मीटरभर चढलं तर १,००० लिटर. तिथं विजेशिवाय पावसाळ्यात बसता येणार नाही, हे कागदावर लिहून मीटिंगमध्ये मांडा आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत लॉबीचा पर्याय ठरवा.

साचलेल्या संपात डास होतात. महापालिकेचं मलेरिया खातं गप्पी मासे देतं ते सोडा किंवा त्यांच्याकडून औषध टाकून घ्या.

प्यायचं पाणी आणि संडास

बारा तासांसाठी माणशी २ लिटर प्यायला आणि तितकंच हातपाय-स्वच्छतेला धरा. ७५ जणांना ३०० लिटर, म्हणजे वीस लिटरचे १५ सीलबंद जार. दर महिन्याला जुने ऑफिसात आणि वॉचमनच्या केबिनमध्ये वापरून टाका, नवे आणा. टाकीचं पाणी ठेवणार असाल तर १,००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते. आधी बादलीत कालवून निवळ द्रावण टाकीत टाका, अर्धा तास थांबा, मग प्या. आपल्या हवेत उघडी पिशवी ओल धरते आणि पावडरचा जोर जातो; गोळे झालेली पावडर वजनानं मोजून काही उपयोग नाही, क्लोरोस्कोपनं (पाण्यातला क्लोरीन मोजायच्या किटनं) पाणी तपासा.

संडासासाठी २५ माणसांना एक बादली. डिस्टेंपरचे रिकामे वीस लिटरचे झाकणवाले डबे उत्तम. आत दोन काळ्या पिशव्या, प्रत्येक वापरानंतर मूठभर लाकडाचा भुसा किंवा चुना. इथं ब्लीचिंग पावडर टाकू नका, आणि टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडबरोबर तर कधीच नाही. बंद जागेत क्लोरीन तयार होतो. जुन्या चादरींचा आडोसा, आत एक टॉर्च. बायका आणि म्हातारी माणसं आडोसा नसला की पाणीच प्यायचं टाळतात आणि मग चक्कर येते.

वाळूची पोती

दाराच्या आणि रॅम्पच्या तोंडासमोर पोत्यांची आडभिंत उभी करायची असेल तर जुने मापदंड आजही धरले जातात: उडणारे तुकडे अडवायला साडेतेरा इंचाची विटांची भिंत, १२ इंचाचं आरसीसी, किंवा वाळूची ७५ सेंटिमीटर जाडी. पोतं पाऊणच भरा. गच्च भरलेलं पोतं गोल होतं, फटी राहतात. तोंड मुडपून खाली दाबा, विटांसारखे सांधे मोडत थर लावा आणि प्रत्येक थर फळीनं ठोकून सपाट करा. भिंत वर जाताना दोन्ही अंगांनी थोडी आत कलती घ्या, सरळ उभी भिंत पहिल्या हादऱ्यात फुगते. दार आणि आडभिंत यांच्यात चार फूट जागा सोडा, म्हणजे स्ट्रेचर वळेल. भिंत दाराच्या दोन्ही बाजूंना मीटरभर पुढे जायला हवी.

आता वजन बघा. १५ लिटर वाळूचं पोतं २४ किलोच्या आसपास भरतं. १.८ मीटर उंच आणि ७५ सेंटिमीटर जाड भिंतीला दर मीटर लांबीमागे सुमारे ९० पोती लागतात, म्हणजे दोन टनांहून जास्त. खालच्या जमिनीवर दर चौरस मीटरला २,९०० किलो येतात. गाड्यांसाठीचा स्लॅब साधारण २५० ते ५०० किलोसाठी धरलेला असतो. त्यामुळे पोडियमवर किंवा बेसमेंटच्या छतावर पोती रचणं म्हणजे आसरा डोक्यावर पाडून घेणं. पोती फक्त भक्कम जमिनीवर.

पांढरी प्लास्टिकची पोती उन्हात काही महिन्यांत पावडर होतात. ती रिकामी, अंधारात, उंदरांपासून लांब ठेवा आणि क्रश सँड कुठून येणार, टेम्पो कोण आणणार हे लिहून ठेवा. २०० पोती भरून रचायला आठ-दहा माणसांचा निदान अर्धा दिवस जातो; भोंग्यानंतर करायचं हे काम नाही.

दारं आणि दुसरी वाट

गॅस्केट (कडेचं रबर) असलेली लोखंडी दारं जिथं आहेत तिथं नेहमीची खराबी म्हणजे रंगाऱ्यानं दारासोबत रबरही रंगवलेलं असतं. रंग लागलेलं रबर कडक होतं, तडकतं, आणि दार बंद करताना सोलून निघतं. बोटानं दाबून बघा. परत वर आलं पाहिजे. रबराला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, ते फुगतं. टाल्कम पावडर किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. दार वर्षभर करकचून आवळून ठेवलं की रबर दबून तसंच राहतं, म्हणून एरवी फक्त टेकवून ठेवा. खाडीच्या वाऱ्यानं बिजागऱ्या गंजतात. त्यांना मात्र ग्रीस हवंच.

रोलिंग शटर असेल तर ते वर ठेवा. हादऱ्यानं पट्टी जराशी वाकली तरी शटर रुळात अडकतं. मोटरच्या शटरची हातसाखळी जागेवर आहे का आणि ती कुणाला चालवता येते, दोन्ही बघा.

दुसरी वाट पहिल्याच्या विरुद्ध टोकाला आणि शक्य असेल तर इमारतीच्या उंचीच्या निम्म्या अंतरावर बाहेर निघणारी हवी, कारण मलबा साधारण तेवढ्यात पडतो. बहुतेक सोसायट्यांत हे जमत नाही. तिथं निदान आतून फोडता येईल अशी जागा इंजिनिअरकडून दाखवून घ्या, तिच्यावर रंगानं खूण करा आणि हत्यारं आतच ठेवा: दोन पहारी, टिकाव, फावडी, घमेली, घण, छिन्नी, करवत, बोल्ट कटर, ३० मीटर दोरखंड. बाहेरच्या कपाटात ठेवलेली पहार आत अडकलेल्या माणसाच्या कामाची नाही.

बाकीचं सामान

एबीसी प्रकारचे (कोरड्या पावडरचे) ६ किलोचे दोन अग्निशामक, काटा हिरव्यात. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) प्रकारचा सिलिंडर बंद आसऱ्यात नको. मेणबत्त्या, कंदील, स्टो काहीच नाही. टॉर्चचे सेल बाहेर काढून, टॉर्चलाच रबरबँडनं बांधून ठेवा. प्रथमोपचार पेटीत बँडेज आणि ओआरएस भरपूर ठेवा. रोज औषध घेणाऱ्यांची यादी वॉर्डनकडे (आसऱ्याची जबाबदारी दिलेल्या माणसाकडे) हवी, इन्सुलिन ज्यानं त्यानं थंड डब्यात आणायचं.

आणि अडगळ काढा. गणपतीचं थर्माकोल, मंडपाचे पडदे, जुन्या गाद्या, थिनरचे डबे. त्यांचा धूर आगीपेक्षा आधी मारतो. हे सामान कुणाचं तरी असतंच, म्हणून नोटीस द्या, तारीख द्या आणि त्या दिवशी उचला.

मोठी तपासणी वर्षातून दोनदा: मेच्या मध्यात आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर. दर महिन्याला पंखा, टॉर्च, जार आणि दुसरी वाट. पंपाचं वेळापत्रक वर दिलंय. वहीत ‘ओके’ लिहायला बंदी करा. काय केलं ते लिहायचं, उदा. ‘फ्लोटवर सुरू झाला, १० मिनिटं चालला, एनआरव्हीतून थोडं पाणी परत’.

भोंगा वाजल्यावर

चढउतार होणारा आवाज म्हणजे धोका, एकसारखा लांब आवाज म्हणजे धोका टळला. लिफ्ट बंद. चौदाव्या मजल्यावरून गुडघे दुखणाऱ्या आजींना जिन्यानं खाली आणायला पाचसात मिनिटं सहज जातात, म्हणून वरच्या मजल्यांनी लॉबीतच थांबायचं हे आधीच सांगून ठेवा. निघताना घरातला गॅसचा कॉक आणि दिवे बंद. बेसमेंटमधल्या एकाही गाडीचं इंजिन चालू राहता कामा नये. दाराशी एक जण नावं लिहून घेईल, ७५ झाले की पुढच्यांना ठरलेल्या दुसऱ्या जागी पाठवेल. पंखा माणसं आत यायच्या आधी सुरू झालेला हवा. दर अर्ध्या तासानं वॉर्डननं विचारायचं, कुणाचं डोकं दुखतंय का. एकदम चारपाच जणांनी हो म्हटलं तर हवा बघा, पॅरासिटामॉल वाटत बसू नका.

धोका टळल्याचा भोंगा झाला तरी आधी दोघांनीच वर जाऊन जिना, लटकलेल्या काचा, तुटलेल्या तारा आणि गॅसचा वास बघायचा. वास असेल तर एकही स्विच दाबायचा नाही, घंटासुद्धा. माणसं दुसऱ्या वाटेनं काढा आणि मोकळ्या हवेत गेल्यावर ११२ किंवा १०१ ला फोन करा. जखमींसाठी १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. इमारतीचा मुख्य गॅस व्हॉल्व्ह बंद केला असेल तर तो गॅस कंपनीच्या माणसानंच उघडायचा. बाहेर पडताना यादीवर टिक करत नावं परत वाचा, कारण मुलं आडोशामागे झोपलेली असतात.